पुढच्या दाताची कॅप

माझा वरचा पुढचा उजवीकडचा दात आत खरा आणि बाहेरून खोटा आहे. म्हणजे मूळ माझं, वर कॅप. बघणाऱ्याला कळत नाही आणि मीही होऊन सांगत नाही. कुणी खोदून विचारलंच तर बारावीत असताना पडले होते म्हणते. हे एवढं साधं वाक्य खरं की खोटं, याचा त्या काळी दोन महिने मला नीट पत्ता लागत नव्हता, आणि घरात तिघांच्या डोक्यात तीन वेगळ्या गोष्टी होत्या.

नव्वदच्या दशकातली ही हकीगत. आम्ही कुपवाडला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. वडील, म्हणजे आमचे दादा, तिथल्या एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर होते. गाव शिरवळजवळचं, पण आयटीआय करून ते इकडं आले ते इकडचेच झाले. माणूस कमी बोलणारा. जे बोलायचे त्यातही निम्मं मापाचं असायचं. दार घासतंय, पाट डुगडुगतोय, डब्याचं झाकण एका बाजूला टेकतंय. जेवताना भाजीला नावं ठेवणार नाहीत, पण ताट जमिनीवर सपाट बसलं नाही तर उचलून खाली बघतील. मी त्यांची एकुलती एक मुलगी. मी सायन्स घ्यावं आणि पुढं इंजिनीअर व्हावं असं त्यांनी ठरवलं होतं. मला कुणी काही विचारलं नव्हतं आणि मीही काही सांगितलं नव्हतं.

बारावीच्या चाचणी परीक्षेत मी फिजिक्समध्ये सपाटून नापास झाले. प्रगतिपुस्तकावर पालकांची सही हवी होती. ती मीच ठोकली. पकडले गेले ते माझ्याच हुशारीमुळं, कारण दादांची सही नेहमी तिरकी आणि घाईतली असायची, आणि माझी त्यांच्यापेक्षा सुबक आली होती. दप्तरातून बाहेर पडलेलं ते पुस्तक त्यांनी हातात घेतलं, बराच वेळ सहीकडं बघितलं आणि विचारलं, हे कुणी केलं. मी म्हटलं, तुम्हीच केली की परवा. एवढ्या शांतपणे खोटं बोलणारी मुलगी आपल्या घरात आहे हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. त्यांनी हात उचलला.

त्याआधी त्यांनी मला कधी बोटही लावलं नव्हतं. मी तोंड फिरवून मागं सरले, पाय मोरीच्या ओल्या कडेवर पडला आणि पडता पडता तोंड सिमेंटच्या पाण्याच्या टाकीवर आपटलं. कट्कन आवाज आला. आई बाहेर दोरीवरचे कपडे काढत होती. ती धावत आत आली तेव्हा मी खाली बसलेली, ओढणीवर रक्त, आणि दादांचा हात अजून वरच. तिनं जे बघितलं त्यावरून तिनं जे समजायचं ते समजलं. माझ्या तोंडात ओला कपडा कोंबत ती दादांना एवढंच म्हणाली, "लेकीवर हात उचलला तुमी." दादांनी हात खाली घेतला.

हात मला लागला नव्हता. त्या संध्याकाळी मला हे अगदी स्वच्छ माहीत होतं. सांगणारही होते. पण दुखत होतं, राग आला होता, आणि मुख्य म्हणजे फिजिक्स आणि सही या दोन्ही गोष्टी त्या रक्तात वाहून गेल्या होत्या. आई मला हळद घालून दूध देत होती. प्रगतिपुस्तक कुणाच्या लक्षातही नव्हतं. मी गप्प बसले. उद्या सांगू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आरशात बघितलं तर दात निम्मा तिरका तुटलेला. हसले तर मीच मला ओळखेना. तो दिवस सांगायचा नव्हताच. तिसऱ्या दिवशी आई शेजारणीला सांगताना ऐकलं, मोरीत पाय घसरला पोरीचा, टाकीवर तोंड आपटलं. आई नवऱ्याची अब्रू झाकायला खोटं बोलत होती, आणि ते अक्षर न् अक्षर खरं होतं. मी दारामागं उभी राहून ऐकत होते आणि माझं डोकं चालेना. आता मी जाऊन तिला काय सांगायचं, की तू जे खोटं सांगतेस तसंच झालंय?

आईनं दादांशी बोलणं सोडलं. भांडण नाही, आदळआपट नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची आणि उठून जायची. दादा खाली मान घालून जेवायचे. मला वाटायचं, ते स्वतः का सांगत नाहीत? आपला हात लागला की नाही हे माणसाला कळणार नाही का? मग वाटायचं, कदाचित खरंच कळलं नसेल. तीस वर्षं लोखंड हाताळून त्यांच्या बोटांना इतके घट्टे पडले होते की चुलीवरचं पातेलं ते फडक्याशिवाय उतरवायचे. मग त्याहून वाईट विचार यायचा, की लागलाच असेल आणि मीच विसरले असेन. रात्रंदिवस हे उगाळून उगाळून शेवटी मला माझा गाल सुद्धा दुखल्यासारखा वाटायला लागला. आणि मधल्या काळात दात काळवंडत चालला. वारा लागला तरी कळ यायची.

सांगलीत गणपती पेठेच्या बाजूला हळदीच्या एका दुकानावर, पहिल्या मजल्यावर दातांच्या एका डॉक्टरीणबाईंनी नवा दवाखाना टाकला होता. जिन्याच्या पायऱ्या पिवळ्या असायच्या आणि वर पांढऱ्या फरशीवर पेशंटांची पिवळी पावलं. दादा हाफ डे टाकून मला स्कूटरवर घेऊन गेले. बाई तरुण होत्या, हसतमुख होत्या. तोंड उघडायला सांगून त्यांनी मला विचारलं, कसा तुटला. मी 'पडले' म्हणायला जीभ उचलणार, एवढ्यात मागून दादा म्हणाले, "माज्या हातनं झालं."

बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी दादांच्या हातांकडं बघितलं, मग माझ्याकडं. दादांना बाहेर बसायला सांगितलं आणि पडदा ओढला. मला हळूच विचारलं, घरी नेहमी असं होतं का. मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांना ते पटलं नाही हे मला दिसलं. तिथं सांगता आलं असतं. पण दादांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केल्यावर मी कोण नाही म्हणणार? मला तर वाटलं, चला, म्हणजे लागलाच होता वाटतं. एक प्रकारे हायसंही वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची मला आज लाज वाटते.

मग दर गुरुवारी आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. आधी नस काढली. नंतर बाई म्हणाल्या, आता उरलेला दात चारी बाजूंनी घासून बारीक करायचा आणि त्यावर कॅप बसवायची. मला हे काही केल्या समजेना. दात वाचवायचा आहे तर आहे तोही घासायचा कशाला? घासून झाल्यावर आरसा दिला तर पुढं एक पिवळट खुंटी उरलेली. मी रडायलाच लागले. बाईंनी नाइलाजानं दादांना आत बोलावलं आणि प्लॅस्टरचा साचा दाखवून समजावलं. दादांनी तो हातात घेतला, उजेडाकडं धरून फिरवून बघितला आणि मला म्हणाले, शाफ्ट टर्न केलाय, म्हणजे दांडा घासून बारीक केलाय, आता वर बुशची नळी बसणार, घासल्याशिवाय जागा कुठनं मिळणार. बाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. मला मात्र पहिल्यांदा सगळं कळलं. फिजिक्स त्यांनी शिकवलं असतं तर कदाचित मी पास झाले असते.

रंगाचा वेगळाच घोळ. बाईंनी काड्यांना लावलेले खोटे दात एकेक करून माझ्या दाताशेजारी धरले. दातांना एवढे रंग असतात हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं दात पांढरे असतात, संपलं. आई बरोबर आली होती, तिनं सगळ्यात पांढरा निवडला. बाई म्हणाल्या, तो एकटाच चमकेल. मला कुठलाच माझा वाटेना. दादांना कुणी विचारलं नाही, पण ते पडद्याच्या फटीतून बघत होते आणि बाईंनी शेवटी जो निवडला तोच त्यांनीही निवडला होता, असं ते नंतर स्कूटर लावताना म्हणाले.

याच दरम्यान चुलत बहिणीच्या लग्नाला गावी जावं लागलं. तोवर दातावर प्लॅस्टिकची तात्पुरती कॅप होती, ती सारखी निघायची, म्हणून मी तोंडावर रुमाल धरूनच वावरत होते. बायका विचारायच्या आणि आई मोरीची गोष्ट सांगायची. दादा पुरुषांत बसलेले. लग्न लागायच्या आधी पंचशील म्हणायला सगळे उभे राहिले. लहानपणापासून पाठ, तोंड आपोआप चालतं. खोटं न बोलण्याचं शील आलं आणि 'मुसावादा'वर माझा आवाज अडकला. मी खोकल्याचं निमित्त केलं. नजर सहज पुरुषांच्या बाजूला गेली. दादा डोळे मिटून, हात जोडून ते नीट म्हणत होते. या माणसाला काय माहीत आहे आणि काय नाही, हे मला तिथं उभं राहून अजिबात उमगेना.

गावाहून आल्यावर कॅप तयार होती. आत धातू, वर दाताच्या रंगाची चिनी माती. बाईंनी बसवली, निळा कागद मध्ये घातला आणि चाव म्हणाल्या. दादा पडद्याजवळून म्हणाले, "आमच्यातबी निळं लावत्यात, मॅडम. जिथं टेकतंय तिथं डाग पडतो." बाईंच्या तोंडावर हसू आलं, मग त्यांना काहीतरी आठवलं आणि त्यांनी ते आवरलं. कॅप आठ दिवस कच्च्या सिमेंटवर ठेवायची होती. टेकतोय वाटलं तर पुढच्या गुरुवारी सांग, मग पक्की करू, असं ठरलं.

रात्री जेवताना दादांनी विचारलं, बसलाय का नीट. मी म्हटलं, खालच्या दाताला जरा आधी टेकतोय. हे मी बोलायला नको होतं. 'टेकतोय' हा शब्द ऐकून हा माणूस आठ दिवस कसा काढणार? एकच दिवस त्यांनी काढला. मग कुठून तरी कार्बन पेपरचा तुकडा आणला, मला तो चावायला लावला, बॅटरीच्या उजेडात माझ्या तोंडात बघितलं आणि मान हलवली. शनिवारी सकाळी भडंग खाताना शेंगदाण्यावर कॅप निघून हातात आली. मी रडकुंडीला आले. दादा मात्र जरा खूशच दिसले. त्यांनी ती धुतली, कागदाच्या पुडीत बांधली आणि शर्टाच्या खिशात घालून कामावर गेले. दुरुस्त करून आणतो म्हणाले, आणि मला वाटलं डॉक्टरांकडं जाणार.

पुढचं त्यांच्याबरोबरच्या एका फिटर काकांनी सांगितलं. दादांनी लाकडाच्या खुंटीवर मेणानं कॅप चिकटवली आणि जेवणाच्या सुट्टीत बारीक दगडाच्या ग्राइंडरला नुसती टेकवली. हात त्यांचा असा होता की केसाएवढं सांगितलं तर केसाएवढंच काढतील. पण तो हात लोखंडाचा आणि पितळेचा. चिनी माती ग्राइंडरवर तडकते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मागचा धातू बरोबर घासला गेला आणि पुढच्या कडेचा टवका उडाला. मग सगळ्या शिफ्टनं जेवणाचे डबे बाजूला ठेवून, गुडघ्यांवर बसून, लोखंडाच्या किसात तो टवका शोधला. काका हे सांगताना पोट धरून हसत होते. तो सापडला नाही.

गुरुवारी दादांनी ती पुडी स्वतः बाईंच्या टेबलावर ठेवली आणि काय केलं ते एकही शब्द न लपवता सांगितलं. बाईंनी कॅप उचलून बघितली. त्या संतापल्या होत्या, पण आवाज चढवला नाही. नवीन माप घ्यावं लागेल म्हणाल्या आणि कालवलेला गुलाबी लगदा भरलेला पत्र्याचा साचा माझ्या वरच्या जबड्यावर दाबून धरला. माझं तोंड गच्च भरलं. मग तसाच साचा धरून त्या दादांना म्हणाल्या, "आधी मुलीचा दात पाडलात, आता माझी कॅप. तुमच्या हातात काही द्यायचीच भीती वाटते."

दादा म्हणाले, "व्हय. चुकलं."

त्या क्षणी माझ्या डोक्यातला सगळा गोंधळ निवळला. मला मोरी दिसली, टाकी दिसली, हात माझ्यापासून वीतभर लांब दिसला. हे सगळं मला आत्ताच्या आत्ता सांगायचं होतं आणि माझ्या तोंडात तो लगदा घट्ट होत होता. मी हात हलवले, घशातून आवाज काढला. बाईंना वाटलं मला उमासे येतायत. नाकानं श्वास घे म्हणाल्या आणि माझं डोकं आणखी घट्ट धरलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. साचा निघाला तेव्हा दादा बाहेर जाऊन बसले होते, बाई हात धूत होत्या, आणि माझं धाडस गेलं होतं. मी चूळ भरली आणि उठले. एवढी चीड मला स्वतःची पुन्हा कधी आली नाही.

परत येताना रेल्वेचं फाटक लागलेलं होतं. दादांनी गाडी बंद केली. पुढं उसाचा ट्रॅक्टर, शेजारी दोन सायकली. मी मागून त्यांच्या पाठीशी बोलले, कारण तोंडाशी बोलायची छाती नव्हती. म्हटलं, दादा, तुमचा हात मला लागला नव्हता. मी घसरले. मी आधीच सांगायला पाहिजे होतं.

त्यांनी मान वळवली नाही. म्हणाले, "म्हाईत हाय मला."

मी म्हटलं, मग डॉक्टरांना असं का सांगितलं? आईला का नाही सांगत? ती बोलत नाही तुमच्याशी. तुम्ही काही केलं नाही.

ते म्हणाले, "काय सांगू तिला? मारायलाच गेलो हुतो, पण पोरगी घसरली म्हणून नेम चुकला, असं सांगू?"

गाडी आली, डबे गेले, फाटक उघडलं. मागून हॉर्न वाजायला लागले तेव्हा दादांनी किक मारली. मला वाटत होतं मी त्यांना एका खोट्या आरोपातून सोडवणार आहे, आणि त्यांनी तो आरोप खरा म्हणून कधीच घेऊन टाकला होता. मी मात्र सहीपासून दातापर्यंत एकाही गोष्टीची स्वतःहून कबुली दिली नव्हती.

घरी आल्यावर मी चूल पेटवत बसलेल्या आईसमोर बसले आणि सगळं सांगितलं. टाकी, हात, गप्प बसणं, आणि का गप्प बसले तेही. दादा बाहेर गाडी पुसत होते. आईनं शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं ती उठून त्यांच्याकडं जाईल, नाहीतर मला बोलेल. तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही. ती माझ्याकडं बघत राहिली, अनोळखी बाई घरात येऊन बसल्यावर बघावं तशी, आणि तिनं विचारलं, "दोन म्हैनं त्यांच्या पुढ्यात रोज जेवलीस तू. घास कसा उतरला?"